वासाचे गोत्र

राजांचा इतिहास असतो, किल्ल्यांचा असतो. मिठाचा, साखरेचा आणि चहाचाही आता लिहून झाला आहे. वासाचा इतिहास मात्र सहसा कुणी लिहीत नाही. वासाचे ताम्रपट निघत नाहीत, त्याच्या सनदा कुणाच्या माडीवरच्या पेटीत सापडत नाहीत. तो हवेतून येतो आणि हवेत जातो. तरीही दिवाळीच्या पहाटे उटण्याची पुडी सोडली की सत्तर वर्षांची आजी क्षणात आपल्या माहेरच्या न्हाणीघरात जाऊन पोहोचते. एवढी लांबची मजल मारणाऱ्या गोष्टीला काही कुळकथाच नसेल, हे मनाला पटत नाही.

मी ज्या वासाची कुळकथा सांगणार आहे तो उटण्याचा नव्हे, अत्तराचाही नव्हे. तो गांजाच्या झाडाचा आहे. सणासुदीच्या अंकात हे काय आणले, म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत, एवढी विनंती आहे. या झाडातली नशा शोधायला निघालेल्या मोठमोठ्या विद्वानांना नाकासमोरची गोष्ट शंभर वर्षे कशी दिसली नाही, त्याची ही हकिकत आहे. आणि ती लहानथोरांनी एकत्र बसून वाचावी अशीच आहे.

या वाटेला मी लागलो तो एका कादंबरीमुळे. कादंबरीचा काळ १८९३ सालचा; स्थळ तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्या काळी मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यत्वे या जिल्ह्यात पिके, आणि तोही चोरून नव्हे, सरकारी परवान्याने. माझा नायक अशा एका रानाच्या बांधावरून चालला आहे, एवढे वाक्य मी लिहिले आणि लेखणी अडली. त्याला वास कसला आला? ‘उग्र’ म्हणावे तर उग्र कांदाही असतो आणि तपकीरही. गोसाव्यांच्या चिलमी जवळून पाहिलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांना मी विचारले. ते म्हणाले, “मास्तर, गांजाचा वास गांजासारखा असतो.” उत्तर बिनतोड होते, कादंबरीला मात्र निरुपयोगी. तेव्हापासून मी जुने अहवाल, शास्त्रज्ञांची चरित्रे आणि नवी संशोधने मिळतील तशी वाचत आलो. माझे रसायनशास्त्र शाळेच्या फळ्यापलीकडे गेलेले नाही. म्हणून इथे सांगेन ते फळ्यावर मावेल एवढेच.

*

हे झाड आपल्याकडे फार जुने. अथर्ववेदात भंगेचे नाव येते. पाणिनीने शेतांची नावे कशी बनतात ते सांगताना तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीला भंगेलाही बसवले आहे. पुढे वैद्यकाच्या ग्रंथांत ती ‘विजया’ झाली. झाड एक, पण बाजारात त्याचे माल तीन. पाने वाटली की भांग, मादी झाडाचे चिकट तुरे वाळवले की गांजा, आणि त्या तुऱ्यांवरची नुसती राळ गोळा केली की चरस. एकोणिसाव्या शतकात उत्तम चरस यारकंदहून घोड्यांच्या तांड्यांबरोबर लेहमार्गे पंजाबात उतरत असे.

युरोपच्या औषधविद्येत हे झाड नीट शिरले ते कलकत्त्याहून. तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे विल्यम ओशॉनेसी हे आयरिश डॉक्टर. त्यांनी १८३९ साली गांजाच्या औषधी प्रयोगांवर निबंध वाचला. आधी जनावरांवर, मग संधिवात, पटकी आणि धनुर्वात झालेल्या रोग्यांवर त्यांनी गांजाचा अर्क वापरून पाहिला होता. (हेच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकणारे म्हणून प्रसिद्ध झाले. त्या काळी माणसे एका आयुष्यात दोन-तीन जन्म उरकून घेत.) निबंध गाजला आणि युरोपातले औषधी रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले.

त्यांच्या मनात एक ठाम अपेक्षा होती. अफूतून मॉर्फिन निघाले होते. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली क्विनीन निघाले, तंबाखूतून १८२८ साली निकोटीन. म्हणजे प्रत्येक गुणी वनस्पतीच्या पोटात एक अल्कली स्वभावाचे, शुद्ध, तोलून देता येण्यासारखे द्रव्य असते, असा नियमच होऊन बसला होता. गांजाने मात्र हा नियम पाळला नाही. त्याच्यातून चिकट राळ निघे, तेल निघे. हवा तो स्फटिक काही निघेना. कागद चिकटत, बोटे चिकटत, भांडी घासून निघत नसत. आणि प्रयोगशाळेत वास मात्र भरून राही.

या गर्दीत वासाकडे वळून पाहणारा एक फ्रेंच मनुष्य होता. त्याचे नाव पर्सोन. त्याने १८५७ च्या सुमारास गांजा पाण्याबरोबर उकळला आणि ती वाफ थंड केली. आपल्याकडे गुलाबपाणी किंवा वाळ्याचे अत्तर काढतात तीच ही रीत. पाण्यावर एक सुगंधी तेल तरंगले. त्याला त्याने ‘कॅनाबीन’ असे नाव दिले आणि गांजाची नशा या तेलातच आहे असा दावा केला. दावा टिकला नाही. नशा या तेलात नव्हती, हे पुढच्यांनी दाखवून दिले. पण त्यातून एक विचित्र गोष्ट घडली. तेलात नशा नाही, म्हणून तेलात काहीच नाही, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. गंध बाजूला काढून ठेवण्याची वस्तू ठरला.

*

विलायतेत हे चालले असताना हिंदुस्थान सरकारला गांजाची चिंता वेगळ्याच कारणाने पडली. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम केन या दारूबंदीच्या पुरस्कर्त्या सभासदांनी प्रश्न विचारला. गांजाने हिंदी प्रजेची नीती बिघडते, वेड लागते, असे म्हणतात. सरकार चौकशी करणार काय? त्यावरून एक आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. सात सभासदांत तीन हिंदी. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल सादर केला. कादंबरीकाराला अशा अहवालासारखी मेजवानी दुसरी नाही. कलेक्टर आणि सिव्हिल सर्जन यांच्या शेजारी वैद्य, ठेकेदार आणि मिशनरी यांचेही जबाब तिथे आहेत. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या तपासताना आयोगाला आढळले की ‘वेडाचे कारण: गांजा’ ही नोंद पुष्कळदा डॉक्टरच्या निदानाने झालेली नव्हती. रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाने जे सांगितले तेच कारकुनाने उतरवून घेतले होते. माफक सेवनाने फारसा अपाय दिसत नाही, अतिरेक घातक आहे, सरसकट बंदी करू नये, असा शेवटी आयोगाने निवाडा दिला.

या चौकशीच्या आगेमागेच डेव्हिड प्रेन या कलकत्त्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बंगालमधल्या गांजाच्या शेतीवर अहवाल लिहिला. राजशाहीकडचे नौगाव, जे आज बांगलादेशात आहे, ते तेव्हा या शेतीचे मोठे ठाणे. तिथे ‘पोद्दार’ नावाचा एक जाणकार असे. साहेबलोक त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. गांजाची नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात. फुलोरा येण्याच्या बेताला हा पोद्दार शेतातून फिरे आणि नर झाडे ओळखून उपटायला लावी. एखादा नर राहून गेला तर त्याचे पराग आसपास उडत, माद्यांना बी धरे आणि माल हलका ठरे. बी न धरलेली मादी मात्र एकामागून एक तुरे काढत राही आणि तिच्यावर राळ चढत जाई.

मग कापणी. तुरे पसरून ठेवत आणि माणसे ते पायांनी तुडवीत. त्यातून चपटा गांजा तयार होई. गोल गांजा हवा असेल तर तुरे वळून घेत. माझ्या नायकाच्या नाकाला काय जाणवले असेल ते मला या वर्णनापाशी पहिल्यांदा उमगू लागले. उभ्या पिकाचा वास निराळा आणि तुडवणीचा निराळा. तुडवणीत काहीतरी फुटत असले पाहिजे, त्याशिवाय शिवारभर वास सुटणार नाही. काय फुटत होते ते पुढे येईलच.

आयोगाचे प्रश्न मात्र नशा, वेड, गुन्हा आणि कर यांच्याभोवतीच फिरत राहिले. उटकमंडचे सरकारी रसायनज्ञ डेव्हिड हूपर यांनी ठिकठिकाणचे नमुने तपासले ते त्यांत राळ किती, हे मोजण्यासाठी. हेच हूपर मुंबईचे विल्यम डायमॉक आणि कलकत्त्याचे वॉर्डन यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या वनौषधींच्या थोर ग्रंथाचे कर्ते. माणसे विद्वान होती, कष्टाळू होती. पण सरकारला राळेवर कर बसवायचा होता, वासावर नव्हे. जे तोलता येत नाही ते वहीत चढत नाही.

*

इथून पुढे कथेला दोन फाटे फुटतात. एक फाटा नशेचा, दुसरा गंधाचा. गंमत अशी की ते दोन्ही पुन्हा एकाच गावात येऊन मिळतात.

नशेचा फाटा आधी पाहू. केंब्रिज येथे वुड, स्पायवी आणि ईस्टरफील्ड या तिघांनी १८९६ साली चरसाचे ऊर्ध्वपातन केले. चरस तापवत नेला की हलके पदार्थ आधी उडतात आणि जड मागाहून. आधी मिळाले ते दोन सुगंधी भाग, दोन्ही मिळून शंभरात जेमतेम तीन-चार. शेवटी मिळाले दाट लाल तेल, जवळजवळ एक-तृतीयांश. नशा त्या लाल तेलात होती. सगळे लाल तेलाच्या मागे लागले. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर ॲडम्स आणि इंग्लंडात अलेक्झांडर टॉड यांनी त्याची बरीच उकल केली. अखेर १९६४ साली इस्रायलमधल्या रेहोवोत येथे येहिएल गाओनी आणि रफाएल मेशुलम यांनी नशेचे खरे द्रव्य शुद्ध रूपात हाती घेतले आणि त्याची रचना सांगितली. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे त्याचे लांबलचक नाव. सोयीसाठी जग त्याला टीएचसी म्हणते. मेशुलम यांनी संशोधनासाठी पोलिसांकडून जप्तीचा पाच किलो चरस मिळवला आणि तो पिशवीत घालून चक्क बसने नेला. हा वास कसला येतो आहे, म्हणून बसमधले उतारू चौकशी करू लागले, असे ते पुढे हसत सांगत. नशेचा शोध लावायला निघालेल्या गृहस्थांच्या पिशवीतून गंध आपली ओळख सांगतच होता!

आता गंधाचा फाटा. तो सुरू होतो जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात, एका कपाटापाशी. ओटो वालाख नावाच्या तरुण प्राध्यापकाला १८७९ साली औषधीशास्त्र शिकवण्याचे काम अंगावर आले. विषय त्याच्या आवडीचा नव्हता. पण तयारी करताना त्याला प्रयोगशाळेच्या कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या धूळ खात पडलेल्या दिसल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख केकुले यांच्याकडे त्याने त्या मागितल्या आणि त्याला त्या मिळाल्या. टर्पेंटाइन, लिंबू, संत्रे, कापूर अशा नाना तेलांतल्या या पदार्थांना ‘टर्पीन’ हे नाव केकुले यांनीच दिलेले होते. पण त्यांच्यात कमालीचा गोंधळ होता. बहुतेकांच्या अंगी कार्बनचे १० अणू आणि हायड्रोजनचे १६. घटक तेच, तितकेच. तरी वास वेगळा, गुण वेगळा. आपल्याकडे ‘कमल’ आणि ‘कलम’ यांत अक्षरे तीच तीन. पण एक तळ्यात उगवते आणि दुसऱ्याने आपण लिहितो. तसाच हा प्रकार. वालाखने वर्षानुवर्षे बसून एकेक तेल वेगळे केले, सोंगे ओळखली, खरी माणसे मोजली. पायनीन म्हणजे चिडाच्या टर्पेंटाइनचे, लिमोनीन म्हणजे लिंबाच्या सालीचे, अशी ओळख पक्की झाली. त्याला असेही दिसले की ही सगळी घरे जणू पाच कार्बनच्या एकाच विटेची बांधलेली आहेत. रबर तापवून ग्रेव्हिल विल्यम्स यांनी १८६० साली जे आयसोप्रीन मिळवले होते, त्याच्यासारखी ही वीट. वालाखला १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. धूळ खात पडलेल्या बाटल्यांचे त्याने असे सोने केले.

पुढे झुरिकचे लिओपोल्ड रुझिच्का यांनी दाखवले की १५ कार्बनचे जड सुगंधी पदार्थसुद्धा याच विटांचे, फक्त दोनाऐवजी तिनांचे. त्यांनाही १९३९ चे नोबेल मिळाले.

आणि इथे आपला देश पुन्हा कथेत येतो. जॉन सायमनसेन हे मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ १९१० साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले. १९१४ साली कलकत्त्यास भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. ती परिषद उभी करण्यात प्राध्यापक मॅकमॅहन यांच्याबरोबर पुढाकार होता तो याच सायमनसेन यांचा. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत असताना त्यांनी आपल्या हिमालयातल्या चिडाचे टर्पेंटाइन तपासले आणि १९२० साली त्यातून कॅरीन नावाचे नवे टर्पीन जगापुढे ठेवले. पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत काही वर्षे काढून ते विलायतेस परतले आणि टर्पिनांवरचा अनेक खंडांचा प्रमाणग्रंथ त्यांच्या हातून झाला. हिंदी झाडांच्या वासावर ज्यांचे नाक तयार झाले होते त्या सायमनसेन यांनी १९४२ साली टॉड यांच्याबरोबर इजिप्तमधल्या चरसाचे सुगंधी तेल तपासले. त्यात त्यांना ह्युम्युलीन सापडले. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या वेलीच्या शास्त्रीय नावावरून या द्रव्याचे नाव पडलेले. वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप्स आणि गांजा यांना एकाच कुळातली भावंडे मानतात. आता वासानेही तीच साक्ष दिली.

*

हा वास झाड तयार कसा करते? आता खडू हातात घेऊ.

मादी फुलाला लपेटणाऱ्या बारीक पानांवर भिंगातून पाहिले तर टाचण्या टोचून ठेवल्यासारखे केस दिसतात. प्रत्येकाला दांडा आणि वर गोल डोके. डोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान. त्या डोक्यात तबकासारख्या मांडलेल्या पेशींचा एक थर असतो आणि त्यावर पातळ पापुद्रा. पेशी तेल तयार करतात आणि ते आपल्या पोटात न ठेवता पापुद्र्याखालच्या पोकळीत सोडतात. कारण हा माल पेशीच्या स्वतःच्या जिवालाही झेपणारा नाही. पोकळी भरत जाते, पापुद्रा फुगतो. नौगावचे मजूर पायांनी फोडत होते ते हेच लक्षावधी फुगे.

पेशीत विटा भाजण्याच्या भट्ट्या दोन. एक पेशीतल्या लवक नावाच्या छोट्या खोलीत. तिथे साखरेच्या मोडतोडीतून निघालेल्या तुकड्यांची वीट बनते. दुसरी खोलीबाहेर, पेशीच्या मोकळ्या रसात. तिथे ॲसिटिक आम्लाच्या अंशापासून तशीच वीट तयार होते. दुसऱ्या भट्टीची रीत कॉनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांच्या कामातून उलगडली. त्यांना १९६४ चे नोबेल मिळाले. मग तीस वर्षे सगळ्यांची समजूत अशी की भट्टी एवढी एकच. १९९३ साली फ्रान्समधले मिशेल रोमेर यांनी जंतूंमध्ये दुसरी रीत असल्याचे दाखवले, आणि वनस्पतींतही ती असल्याचे लवकरच दिसून आले. लवकातल्या विटांपासून मुख्यत्वे १० कार्बनची हलकी टर्पीने होतात, बाहेरच्या विटांपासून मुख्यत्वे १५ कार्बनची जड.

दोन विटा जोडल्या की १० कार्बनची एक लांब साखळी होते. ती या घराण्याची मूळमाता. पेशीतले कारागीर, ज्यांना शास्त्रात विकरे म्हणतात, ती साखळी हाती घेऊन वळवतात, गाठ मारतात, दुमडतात. एका वळणाने लिमोनीन होते, दुसऱ्याने पायनीन, तिसऱ्याने मिर्सीन. पाण्याचा एक कण जोडला की लिनॅलूल. तीन विटांच्या साखळीपासून कॅरिओफायलीन आणि ह्युम्युलीन. कोणत्या झाडात कोणते कारागीर जास्त, यावरून त्याचा वास ठरतो. गांजातले असे काही कारागीर प्रथम २००७ साली ओळखले गेले आणि २०१७ साली कॅनडात आणखी पुष्कळ.

आता या नावांचे पत्ते पाहावेत. मिर्सीन आंब्याच्या वासात आहे. लिमोनीन लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीत. पायनीन टर्पेंटाइनमध्ये. लिनॅलूल धन्यांत. कॅरिओफायलीन मिरीत आणि लवंगेत. लवंगेच्या जुन्या शास्त्रीय नावावरूनच ते नाव पडले आहे. म्हणजे गांजाच्या वासाचे सगळे गोत्रज आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि फळांच्या टोपलीत नांदत आहेत.

आणि नशा? तिथेच तर दोन फाटे एकत्र येतात. वासाची ती १० कार्बनची मूळमाता याच केसात दुसऱ्या एका दाराने बाहेर पडते आणि १२ कार्बनच्या एका आम्लाशी तिचा संयोग होतो. हा संयोग घडवणारा कारागीर फेलरमायर आणि झेंक यांनी १९९८ साली दाखवून दिला. दहा अधिक बारा, बावीस. त्यातून टीएचसीचे आम्ल होते. वाळताना किंवा तापताना त्यातला एक कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि २१ कार्बनचे टीएचसी उरते. मेशुलम यांनी शोधलेल्या द्रव्यातले जवळजवळ अर्धे अंग वासाच्या विटांचे आहे. ज्या गंधाला टाकाऊ म्हणून बाजूला काढले, तो नशेचा सख्खा भाऊ निघाला.

*

हा वास फार काळ एका रूपात राहत नाही, हेही मोजून झाले आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी येथे ताज्या तुऱ्यांतून शंभरास ०.२९ भाग तेल निघाले. एक आठवडा वाळवल्यावर ०.२०, महिन्याने ०.१६ आणि तीन महिन्यांनी ०.१३. जाणारे बहुतेक हलके, फळांच्या वासाचे. मागे राहतात ते जड, मसालेदार. उभ्या रानातला वास आणि गोदामातला वास वेगळे का, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

कॅरिओफायलीनला हवा लागली की त्याचे ऑक्साइड होते. पोलिसांचे कुत्रे चरस शोधून काढतात ते मुख्यत्वे याच वासावरून, हे जर्मनीत श्टाल आणि कुंडे यांनी १९७३ साली दाखवले. म्हणजे श्वानाला नशेचा पत्ता नशा सांगत नाही, तिचा भाऊ सांगतो. आणि काही गांजांना येणारा तो कुबट, नाक मुरडायला लावणारा दर्प? तो टर्पिनांचा नव्हेच. गंधकाचा अंश असलेल्या एका अतिसूक्ष्म द्रव्याचा तो आहे, हे २०२१ साली कळले. उन्हात राहिलेल्या बिअरला हाच दर्प येतो. या द्रव्याच्या अंगातही कार्बन पाचच, त्याच विटेच्या घडणीचे.

हे सर्व मी एकदा वर्गात लवंग, मिरी आणि लिंबाची साल यांच्या निमित्ताने सांगत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “सर, मिरीत आणि गांजात एकच द्रव्य असेल, तर मिरी खाऊन नशा का येत नाही?” वर्ग हसला, मला मात्र आनंद झाला. प्रश्न अगदी मर्माचा होता. २००८ साली गेर्ट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की शरीरात टीएचसी ज्या कुलपांना लागते त्यांची दोन घराणी आहेत. मेंदूत बहुसंख्येने असलेल्या कुलपाला कॅरिओफायलीनची किल्ली लागत नाही. रोगप्रतिकाराच्या पेशींत आढळणाऱ्या दुसऱ्या कुलपाला ती लागते. गोत्र एक म्हणून स्वभाव एक नसतो. प्रत्येक घरात याचे दाखले असतात. त्या मुलाला मी हेही सांगितले की नशेची किल्ली मेंदूच्या कुलपात फिरते, आणि कोवळ्या वयात मेंदू अजून घडत असताना ती फिरवत राहण्याने मनाचे आजार जडण्याचा धोका वाढतो, हे आजचे वैद्यक सांगते. तो गंभीरपणे खाली बसला. मुलांना झाडाची निव्वळ भीती घातली की त्यांना त्याचे गूढ वाटू लागते. पूर्ण हिशेब सांगितला की गूढ उरत नाही, शहाणपण उरते, असा माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे.

कायद्यानेही नकळत या केसांचाच आधार घेतला आहे. आपल्याकडच्या १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बी त्यात येत नाहीत. केसांची दाटी नेमकी शेंड्यांवर असते. कायदेमंडळाने शाईने ओढलेली रेघ झाडाने आधीच स्वतःच्या अंगावर ओढून ठेवली होती.

वासाच्या अभ्यासाला आता आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि एस. सी. भट्टाचार्य यांच्यासारख्यांनी हिंदी झाडांच्या टर्पिनांवर जगन्मान्य काम केले. पुढे त्याच आवारात हापूस आंब्याच्या वासाचीही चिकित्सा झाली. हापूस मोहवतो आणि गांजा बदनाम होतो. पण दोघांच्या वासाच्या विटा एकाच मापाच्या आहेत, आणि त्या भाजण्याची रीतही एकच आहे.

या झाडाला माणसाने आजवर एकच प्रश्न विचारला: तू आमचे काय करतोस? सरकारने तो कर बसवण्यासाठी विचारला, डॉक्टरांनी औषधासाठी, नशेबाजांनी धुंदीसाठी. झाड स्वतःसाठी काय करते, हे विचारायला फार थोडे लोक गेले. त्या थोड्यांना कळले की त्या पाऊण-एक दशांश मिलिमीटरच्या फुग्यात भरलेला चिकट माल किडीचे तोंड फिरवतो, तिचे पाय अडकवतो आणि तान्ह्या बियांची राखण करतो. माणूस त्या घराण्यात फार उशिरा आलेला पाहुणा आहे. पाहुण्याने घरात काय मिळते ते विचारावेच. पण घरचे लोक कोण, त्यांचे आपसात नाते काय, याचीही थोडी चौकशी करावी. वालाखने ती एका कपाटापाशी उभे राहून केली, आणि मसाल्याच्या डब्यापासून गांजाच्या रानापर्यंतचे सारे गोत्र त्यातून उलगडत गेले.